वजाबाकीचं विमान

बेन्सन बी-८एम या यंत्राचं रिकामं वजन ११२ किलो. बुलेट मोटरसायकल याहून बरीच जड असते. ७२ अश्वशक्तीचं इंजिन, सहा मीटर व्यासाचा रोटर, तीन चाकं आणि एक उघडी खुर्ची, एवढ्या सामानावर एक माणूस ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने उडू शकतो. १९५७ सालच्या या अमेरिकन आराखड्याचे नकाशे आणि सुटे भाग घरपोच मिळत आणि हौशी लोक ते स्वतःच्या गॅरेजात जोडत. हलक्या ऑटोजायरोंचा इतिहास बघायला बसलं की सगळे रस्ते या यंत्रापाशी येतात. प्रश्न दोन. विमानातून काय काय काढून टाकलं म्हणजे इतकं कमी उरतं? आणि जे काढलं, त्यातलं नेमकं काय काढायला नको होतं?

लांबून पाहणाऱ्याला ऑटोजायरो म्हणजे छोटं हेलिकॉप्टरच वाटतं. हेलिकॉप्टरचं इंजिन रोटर फिरवतं आणि रोटर वरची हवा खाली लोटतो. ऑटोजायरोच्या रोटरचा उडताना इंजिनाशी काहीच संबंध नसतो. इंजिन प्रोपेलर फिरवून यंत्राला पुढे नेतं. रोटरची चकती किंचित मागे कललेली असते, तिच्यातून हवा खालून वर जाते आणि पाती फिरत राहतात. पात्याच्या मुळाकडचा भाग फारसा उपयोगाचा नसतो. मधला पट्टा हवेकडून ओढ घेऊन पात्याला पुढे खेचतो, टोकाकडचा पट्टा त्याच ओढीवर जगतो. या दोन्हींचा हिशेब जुळतो त्या गतीला रोटर स्थिरावतो. बेन्सनच्या यंत्रात ही गती मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेऱ्यांच्या घरात असते. इंजिन रोटरला पीळ देत नसल्यामुळे उलट्या दिशेने यंत्र फिरण्याची भानगड नाही, म्हणून शेपटीवरचा छोटा रोटर नको, गिअरबॉक्स नको, लांब शाफ्ट नको. पहिली मोठी वजाबाकी अशी तत्त्वातच झालेली आहे.

तत्त्व शोधणारे ह्वान दे ला सिएर्वा हे स्पेनमधल्या मुर्सियाचे. १९१९ साली त्यांचं तीन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान वेग गमावून कोसळलं, तेव्हापासून वेग कमी झाला तरी न पडणारं विमान करायचं हे त्यांच्या डोक्यात होतं. पहिली तिन्ही ऑटोजायरो फसली. पुढे जाताना रोटरच्या एका बाजूची पाती वाऱ्याला सामोरी जातात, दुसऱ्या बाजूची वाऱ्यासोबत मागे येतात. एका बाजूला उचल जास्त, दुसरीकडे कमी, आणि यंत्र आडवं होतं. गंमत अशी की सिएर्वांचं लहान मॉडेल व्यवस्थित उडत होतं. कारण त्याची पाती वेताची होती आणि लवत होती. मग मोठ्या यंत्रात प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं, म्हणजे जास्त उचल मिळणारं पातं वर उठतं आणि तेवढ्यानेच त्याची जास्तीची उचल संपते. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफेच्या धावपट्टीवर त्यांचं सी.४ हे यंत्र उडालं. पुढे १९२७ साली इंग्लंडमध्ये एका यंत्राचं पातं हवेत तुटलं. वर-खाली हलायला मोकळं असलेलं पातं मागे-पुढेही ताण खात होतं आणि तो ताण मुळाशी साठत होता. मग दुसरी बिजागरी आली. प्रत्येक पात्याला दोन बिजागऱ्या, त्यांची बेअरिंगं, घर्षणाचे दट्टे, वंगण. सुरक्षितता वाढली, पण रोटरचा माथा वजनदार आणि महागडा झाला.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएर्वांनी उलट दिशेने काम केलं. तोवर ऑटोजायरोला विमानासारखे आखूड पंख असत आणि दिशा बदलायला पंखांवरच्या झडपा वापरत. कमी वेगात त्या झडपा कुचकामी ठरत, म्हणजे ज्या गुणासाठी यंत्र बांधलं त्याच वेळी ताबा सुटायचा. सी.३० मध्ये रोटरचा माथाच कलता केला आणि वैमानिकाच्या हातात वरून लोंबणारी दांडी दिली. दांडी ढकलली की अख्खी चकती कलते. पंख गेले, झडपा गेल्या, त्यांच्या तारा गेल्या. माझ्या मते हलक्या ऑटोजायरोची खरी सुरुवात या लोंबत्या दांडीपासून होते. बिजागरीने यंत्र उडवलं, पण दांडीने त्याचं वजन उतरवलं. सी.३० स्वतः काही हलकं नव्हतं. सव्वाअकरा मीटरचा रोटर, १४० अश्वशक्तीचं इंजिन, साडेपाचशे किलोंचं रिकामं वजन. पात्यांची बांधणी मात्र पुढच्या वीस वर्षांचा नमुना ठरली: आत पोलादी नळीचा कणा, त्यावर लाकडी फासळ्या, वर प्लायवुड आणि कापड.

या पात्यांत एक खोड होती. त्यांचा छेद वरून फुगीर होता; उचल चांगली मिळे, पण वेग वाढला की असा छेद पात्याचं नाक खाली पिळू पाहतो. लाकूड-कापडाचं लांब पातं थोडं पिळलंही जातं. उचल घटते, यंत्र झुकतं, वेग आणखी वाढतो. जोराच्या सुरकांडीतून यंत्र वर काढता येईना, असे प्रसंग या दोषाने घडले. पुढच्या पिढीच्या पात्यांच्या मागच्या कडेला वर वळलेली किनार दिसते ती उगाच नाही. नाक खाली जाण्याची ओढ ती किनार मोडून काढते. शिवाय पात्याचा वजनाचा मध्य पुढच्या कडेकडे आणायचा म्हणून तिथे धातूची पट्टी घालतात. हलक्या यंत्रांच्या जुन्या आराखड्यांत या पट्टीबद्दल इतक्या सूचना का असतात, हे सी.३० च्या अनुभवाशिवाय कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी खरोखर छोटी यंत्रं करण्याचा नाद स्कॉटलंडला लागला होता. ग्लासगोजवळच्या कॅथकार्टमध्ये पंप बनवणाऱ्या वेअर कारखान्याचा पैसा सिएर्वांच्या कंपनीत होता आणि १९३३ पासून त्यांनी डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ अशी एकआसनी यंत्रं बांधली. पहिल्यात ४० अश्वशक्तीचं डग्लसचं इंजिन होतं, दुसऱ्यात वेअरने स्वतः घडवलेलं दोन सिलिंडरांचं. डब्ल्यू-३ ने १९३६ साली लंडनजवळ हाउन्स्लो हीथवर जागच्या जागी उडी मारून उड्डाण करून दाखवलं: पाती सपाट ठेवून रोटर नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरवायचा, क्लच सोडायचा, की तिरप्या बिजागरीमुळे पाती आपोआप कोन घेतात आणि साठलेली गती यंत्राला वर उचलते. देखणी युक्ती. त्याच देशातल्या डेव्हिड के यांनी चार पात्यांचं, पात्यांचा कोन उडताना बदलता येणारं यंत्र १९३५ साली उडवलं. ते आणि वेअरचं डब्ल्यू-२ ही दोन्ही यंत्रं स्कॉटलंडमध्ये जपून ठेवलेली आहेत. पण ही सारी यंत्रं छोटी असूनही साधी नव्हती. प्रत्येकाचा माथा म्हणजे घड्याळजीचं काम. डिसेंबर १९३६ मध्ये क्रॉयडनला प्रवासी विमानाच्या अपघातात सिएर्वा गेले, वेअर हेलिकॉप्टरकडे वळले, आणि हा धागा तिथेच तुटला.

तो पुन्हा जोडला युद्धाने, आणि तोही इंजिनच काढून टाकून.

ब्रिटनमध्ये राउल हाफनर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९४२ साली रोटाशूट केलं. पॅराशूटऐवजी सैनिकाने साडेचार मीटरच्या रोटरखाली बसून उतरायचं, अशी कल्पना. युद्धात त्याचा वापर झाला नाही. जर्मनीत फोके-आखगेलिस कंपनीने एफए ३३० हे पाणबुडीच्या मागे दोरीने ओढायचं यंत्र केलं, आणि ते वापरलं गेलं. पाणबुडीच्या माथ्यावरून पहारेकऱ्याला फार तर आठ-नऊ किलोमीटर दिसे. शंभर-सव्वाशे मीटर उंच गेल्यावर तोच पल्ला चाळीस किलोमीटरच्या पुढे जाई. ऑगस्ट १९४३ मध्ये यू-१७७ पाणबुडीने हिंदी महासागरात एफथालिया मारी हे ग्रीक जहाज याच यंत्राच्या नजरेने गाठून बुडवलं.

एफए ३३० ची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. सारं यंत्र सुमारे ७५ किलो. एक आडवी नळी, तिच्यावर उभी दुसरी नळी, आडवीच्या टोकाला शेपूट, मध्ये छोटी बैठक, उभीच्या माथ्यावर तीन पात्यांचा सव्वासात मीटरचा रोटर. सांगाडा म्हणून एवढंच. सगळं सुटं करून पाणबुडीच्या मनोऱ्यातल्या जलाभेद्य नळकांड्यांत मावे आणि काही मिनिटांत जोडता येई. वैमानिक टेलिफोनवरून खाली बोले. तार दोरीसोबतच गुंफलेली. आणि शत्रूचं विमान दिसलं, पाणबुडीला बुडी मारायची घाई झाली, तर? डोक्यावरची एक मूठ ओढायची. रोटर सुटून वर उडून जाई आणि जाता जाता वैमानिकाचं पॅराशूट उघडे. पाणबुडीतल्या खलाशांना हे यंत्र का आवडत नसे याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पण रचनेच्या दृष्टीने या यंत्राने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली: ऑटोजायरोला विमानाचं धड लागतच नाही. दोन नळ्या पुरतात.

इगोर बेन्सन यांचा जन्म १९१७ साली रशियात रोस्तोवला झाला आणि पुढचं शिक्षण अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना ब्रिटिश रोटाशूट त्यांच्या हाताखालून गेलं, जर्मन यंत्राचीही त्यांना नीट माहिती होती. १९५३ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलिनात रॅली इथे स्वतःची कंपनी काढली. आधी गाडीमागे ओढायची इंजिनाविना यंत्रं, मग डिसेंबर १९५५ मध्ये इंजिन लावलेलं बी-७एम, मग १९५७ चं बी-८ आणि त्याचं इंजिनवालं भावंड बी-८एम. क्रम महत्त्वाचा आहे. ग्राहकाने आधी दोरीवरचं यंत्र बांधावं, मोकळ्या धावपट्टीवर मित्राच्या गाडीमागे शिकावं, हात बसला की त्याच सांगाड्यावर इंजिन चढवावं, असा बेन्सन यांचा अभ्यासक्रम होता. किती जणांनी तो पुरा केला हा वेगळा विषय.

सांगाडा पाच सेंटिमीटर चौकोनी अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. एक लांब आडवा कणा, त्यावर उभा मास्ट, मागच्या चाकांचा आडवा आस. वेल्डिंग कुठेच नाही. दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या लावून विमानाच्या दर्जाचे बोल्ट. बेन्सन यांनी हे केवळ स्वस्ताईसाठी केलं असं बरेच लोक समजतात. पण हे अॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने त्या जागी त्याचं बळ निघून जातं, आणि गॅरेजमध्ये पुन्हा कडक करण्याची भट्टी कोणाकडे असणार? बोल्टचा सांधा मात्र ड्रिल, कानस आणि मापपट्टी असलेला कोणीही नीट करू शकतो आणि दुसरा कोणीही तो तपासू शकतो. अट एकच: भोक पाडायचं ते नळीच्या उंचीच्या मधोमध, जिथे वाकण्याचा ताण सर्वात कमी. कडेला पाडलेलं भोक म्हणजे भेगेला आमंत्रण. जुन्या यंत्रांची तपासणी करणारे पहिला हात मास्ट आणि कणा यांच्या सांध्यापाशी फिरवतात ते याचसाठी.

खरी करामत माथ्यावर आहे. बेन्सन यांनी दोनच पाती ठेवली आणि ती एका अॅल्युमिनियमच्या दांड्याला पक्की जोडली. तो दांडा मधोमध एकाच बोल्टवर झुलतो: एक पातं वर गेलं की दुसरं तेवढंच खाली. दर पात्याला स्वतंत्र बिजागरी नको. उडताना पाती किंचित वर उचलून कोन धरतात, तो कोन दांड्यातच वाकवून ठेवलेला असतो. मागे-पुढे हलण्याची दुसरी बिजागरीही गेली, कारण झुलण्याचा बोल्ट पात्यांच्या वजनाच्या मध्याच्या उंचीला येईल असा दांडा थोडा खाली टांगलेला असतो. त्यामुळे झुलताना पात्यांचा वस्तुमध्य आसाच्या फारसा जवळ-दूर होत नाही आणि १९२७ साली पातं तोडणारा ताण मुळातच कमी राहतो. झुलता दांडा बेन्सन यांचा शोध नव्हे. आर्थर यंग यांनी बेलच्या हेलिकॉप्टरांत तो आधीच आणला होता. पण सिएर्वांच्या माथ्यावरचा सगळा लवाजमा एका बोल्टपर्यंत खाली आणणं ही हलक्या ऑटोजायरोच्या इतिहासातली सर्वात फायद्याची वजाबाकी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किंमत म्हणाल तर रोटरच्या एका फेऱ्यात दोनदा दांडीला बसणारा हादरा. जुन्या यंत्रांच्या वैमानिकांचा हात खाली उतरल्यावरही थरथरत असे.

दुसरी चतुराई माथ्याच्या कलण्याच्या सांध्यात. रोटरचा फिरता आस पुढे-मागे कलण्याच्या खिळीच्या अगदी वर नसून बोटभर मागे ठेवतात. त्यामुळे उचल माथ्याला सतत पुढे ओढते आणि एक स्प्रिंग त्याला मागे खेचून धरते. झोत येऊन उचल अचानक वाढली की ओढ स्प्रिंगवर मात करते, चकती पुढे झुकते, जास्तीची उचल घटते. वैमानिकाला कळायच्या आत यंत्राने स्वतःला सावरलेलं असतं. ब्रिटनचे केन वॉलिस यांनी या रचनेवर पेटंट घेतलं. एका बोटाचं अंतर आणि एक स्प्रिंग. यापेक्षा स्वस्तात स्थैर्य कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

पाती घरी बनवता येत, हा बी-८एमचा सर्वात धाडसी भाग. सुमारे अठरा सेंटिमीटर रुंदीचं, प्लायवुडचे थर डिंकाने चिकटवून घडवलेलं पातं, त्यात पोलादी पट्टी. हिशेब करून पाहा: नऊ-दहा किलोंचं पातं, त्याचा वस्तुमध्य आसापासून दीडेक मीटरवर, आणि मिनिटाला ३८० फेऱ्या. पात्याला मुळापासून उपटू पाहणारी ओढ दोन टनांच्या वर जाते. ती ओढ लाकडाने एकट्याने पेलायची नसते, पट्टीने पेलायची. लाकडाचं काम आकार धरण्याचं. त्यात लाकूड ओल पितं. एक पातं दुसऱ्यापेक्षा काही ग्रॅम जास्त ओल प्यालं की हादरा वाढतो. म्हणून पाती जोडीनेच एका फळीतून कापायची, जोडीनेच रंगवायची, जोडीनेच ठेवायची. नंतर अॅल्युमिनियमची आणि काचतंतूंची पाती आली आणि लाकडाची पाती घरी घडवण्याची कला बहुतेक संपली. हळहळ वाटते, पण हळहळीवर कोणी उडू नये.

इंजिनाची कथा वेगळीच. मॅककलक ४३१८ हे चार सिलिंडरांचं, दोन फटक्यांचं, हवेने थंड होणारं इंजिन अमेरिकन सैन्याच्या चालकाविना लक्ष्य-विमानांसाठी बनवलं होतं. तोफखान्याने ज्याच्यावर नेम धरून पाडायचं त्या विमानाच्या इंजिनाला दीर्घायुष्य कशाला? पस्तीसेक किलोंत ७२ अश्वशक्ती, आणि सैन्याच्या निकाली मालात स्वस्तात. मिनिटाला चार हजारांवर फेरे घेणारं हे इंजिन थेट प्रोपेलरला जोडलेलं असे, म्हणून प्रोपेलर सव्वा मीटरचाच ठेवावा लागे, नाहीतर टोकं आवाजाच्या वेगाकडे जाऊ लागत. आवाज भयंकर, तेलकट धूर, आणि मधूनच बंद पडण्याची सवय. पण ऑटोजायरोचं इंजिन बंद पडलं तरी रोटर फिरतच असतो. यंत्र तीव्र उतारावर का होईना, ताब्यात राहून खाली येतं आणि शेवटी काही पावलांत थांबतं. या एका गुणाने मॅककलकची पुष्कळ पापं झाकली गेली. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कॅम्पबेल क्रिकेट या यंत्राने फोक्सवॅगन मोटारीचं इंजिन लावून जास्त भरवशाचा मार्ग धरला.

रोटर सुरू करण्याची यंत्रणाही बेन्सन यांनी काढून टाकली. वैमानिक खुर्चीत बसून वर हात करून पाती हाताने ढकलतो, एकामागून एक, जमेल तितकी. मग वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू पळायला लागतो आणि उरलेली गती वारा देतो. इथे घाई चालत नाही. रोटर अजून मंद आणि यंत्र वेगात, असं झालं की मागे येणाऱ्या पात्याची उचल कोसळते, पाती मर्यादेबाहेर झुलतात, अडथळ्यावर आदळतात, सुकाणू किंवा जमीनसुद्धा गाठतात. जमिनीवरच्या मोडतोडीचं हे सर्वात नेहमीचं कारण. वॉलिस यांनी लवचीक शाफ्टने इंजिनावरून रोटर फिरवण्याची सोय केली. दोन-तीन किलोंच्या वजनात एक मोठी डोकेदुखी गेली.

वॉलिस हे या इतिहासातलं सर्वात नीटनेटकं प्रकरण. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बर वैमानिक, हवाई दलात विंग कमांडर, हाताने काम करणारे. त्यांचं डब्ल्यूए-११६ ऑगस्ट १९६१ मध्ये उडालं. बीगल कंपनीने पाच यंत्रं बांधली, त्यातली तीन ब्रिटिश लष्कराने तपासायला घेतली आणि पुढे काही केलं नाही. त्याच पाचांपैकी एक म्हणजे १९६७ च्या बॉन्डपटातली ‘लिटल नेली’. पडद्यावर काही मिनिटं दिसणाऱ्या त्या दृश्यांसाठी वॉलिस ८५ वेळा उडाले. १९७५ साली त्यांनी इंग्लंडच्या आग्नेय टोकाकडच्या लिड इथून स्कॉटलंडच्या उत्तरेला विकपर्यंत, ८७४ किलोमीटर, न थांबता उड्डाण केलं. वयाच्या ८६ व्या वर्षी ताशी २०७ किलोमीटरचा विक्रम केला. पण नकाशे वा सुटे भाग हौशी लोकांना विकण्याच्या धंद्यात ते पडले नाहीत. बेन्सन यांनी आकाश सर्वांना वाटलं, वॉलिस यांनी ते स्वतःपाशी ठेवलं. दोघांत कोण बरोबर याचं उत्तर तुम्ही अपघातांची यादी आधी वाचता की आनंदाने उडालेल्यांची, यावर ठरतं.

आता त्या यादीकडे वळायला हवं.

हलक्या ऑटोजायरोचा सर्वात घातक अपघात साधारण असा घडतो. यंत्र वेगात आहे, वैमानिक दांडी झटकन पुढे लोटतो किंवा खालच्या दिशेचा झोत लागतो, आणि क्षणभर रोटरवरचा भार निघून जातो. रोटर तोवर यंत्राला टांगून धरत होता. भार नाही म्हणजे तो दोरच सैल. आता प्रोपेलरचा रेटा एकटाच उरतो. हा रेटा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल तर तो नाक खाली ढकलतो, नाक खाली गेलं की हवा वरून चकतीवर येते, रोटरचा वेग पडतो, पाती सैरभैर झुलतात आणि शेपूट किंवा प्रोपेलर तोडतात. हे सगळं एक-दोन सेकंदांत. मंदावलेला रोटर हवेत पुन्हा फिरवायचा मार्ग नाही.

बी-८एमला नाव घेण्याजोगं आडवं शेपूट नव्हतं. उभं सुकाणू होतं, पण नाक वर-खाली होण्याला आवरणारं काहीच नाही. एफए ३३० ला आडवं शेपूट होतं, युद्धापूर्वीच्या जवळपास सगळ्या ऑटोजायरोंना होतं. बेन्सन यांच्या वजाबाकीतली ही एक वजाबाकी मला चुकीची वाटते. तरी मूळ यंत्रात ती बऱ्याच अंशी खपून जाई, कारण छोटा प्रोपेलर खाली बसवता येत होता आणि रेट्याची रेषा गुरुत्वमध्यापासून फार वर नव्हती. घोटाळा नंतर वाढला. ऐंशीच्या दशकात गिअरबॉक्स असलेली रोटॅक्सची इंजिनं आली. गिअरबॉक्समुळे मोठा, मंद आणि जास्त जोराचा प्रोपेलर लावता येऊ लागला. मोठा प्रोपेलर कण्याला घासू नये म्हणून इंजिन वर चढवलं, वैमानिक मात्र पूर्वीच्याच खालच्या खुर्चीत बसून राहिला. प्रत्येक सुधारणा आपल्या जागी शहाणपणाची होती. मिळून त्यांनी रेट्याची रेषा उचलली.

नुसत्या रेषेवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. १९७० साली फार्नबरोच्या प्रदर्शनात वॉलिस यांच्याच आराखड्याचं डब्ल्यूए-११७ कोसळलं आणि एक अनुभवी चाचणी वैमानिक गेला. काळजीपूर्वक बांधलेलं यंत्रसुद्धा रोटरवरचा भार गेल्यावर क्षमा करत नाही. म्हणून नव्वदच्या दशकापासून ब्रिटिश विमान नियामकांनी ग्लासगो विद्यापीठाकडून उपकरणं लावलेल्या ऑटोजायरोंवर सविस्तर अभ्यास करून घेतला. त्यातला ठळक निष्कर्ष असा की यंत्राच्या स्थैर्यावर सर्वात जास्त परिणाम करते ती गुरुत्वमध्य आणि प्रोपेलरच्या रेट्याची रेषा यांच्यातली उभी तफावत. तेव्हाच्या नमुन्यांवरचं आडवं शेपूट त्यामानाने फार काही करत नाही. ब्रिटिश नियमांत ही तफावत वर-खाली दोन इंचांच्या, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या, आत ठेवण्याची अट आली.

अमेरिकेतल्या हौशी बांधणाऱ्यांना शेपटीबद्दलचा भाग पटला नाही. त्यांचं म्हणणं असं की अभ्यासातली शेपटं लहान होती आणि गुरुत्वमध्याच्या फार जवळ होती. मोठं शेपूट लांब मागे आणि प्रोपेलरच्या झोतात धरा, मग बघा. त्यांनी उंच खुर्चीची, उंच शेपटीची, बगळ्यासारख्या पायांची यंत्रं बांधून आपलं म्हणणं उडवूनही दाखवलं. मला दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे बोट दाखवताना दिसतात. रेषा जुळवणं हा आजार टाळण्याचा उपाय, शेपूट हा आजार झालाच तर आवरण्याचा. एक केलं म्हणून दुसरं सोडण्याइतकं वजन कोणाचंच वाचत नाही. आजच्या युरोपियन दोनआसनी यंत्रांत मोठं शेपूट, रोटर सुरू करण्याची जोडणी, चाकांचे ब्रेक हे सगळं परत आलं आहे आणि त्यांचं रिकामं वजन बेन्सनच्या दुपटीच्याही पुढे गेलं आहे. पंख मात्र परत आले नाहीत, आणि पात्यांच्या दोन-दोन बिजागऱ्याही नाहीत.

राहता राहिली ती गॅरेजांतून अजून उभी असलेली जुनी यंत्रं. ज्यांना ती उडवायची आहेत त्यांच्यासाठी जुन्या नकाशांत एक चाचणी सांगितलेली असते: वैमानिकाला बसवून यंत्र रोटरच्या बोल्टवर टांगायचं आणि कणा किती कलतो ते मोजायचं. त्यावरून वजन पुढे आहे की मागे एवढंच कळतं, उंचीचा पत्ता लागत नाही. त्यासाठी टाकी भरलेली ठेवून यंत्र दुसऱ्या एका बिंदूपासून पुन्हा टांगावं लागतं. दोन्ही वेळा टांगलेल्या बिंदूतून ओळंबा सोडून सांगाड्यावर खडूची रेघ मारायची. रेघा जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य. मग प्रोपेलरच्या आसाची रेषा पुढे वाढवून ती त्या खुणेच्या किती वरून जाते ते पट्टीने मोजायचं. पाच सेंटिमीटरहून जास्त भरलं तर इंजिन खाली आणायचं, ते जमत नसेल तर खुर्ची वर घ्यायची, आणि नकाशात नसलं तरी आडवं शेपूट लावायचं.